मागच्या आसातले तेल

चिखलात रुतलेली पिकअप गाडी पाहिली की एक विसंगती लगेच डोळ्यांत भरते. मागचे एक चाक चिखल उडवत गरगर फिरत असते आणि त्याच आसावरचे दुसरे चाक, कोरड्या व घट्ट जमिनीवर टेकलेले असूनही, ढिम्म हलत नाही. इंजिन चालू असते, गिअर पडलेला असतो, तरीही ज्या चाकाला पकड आहे त्याच्या वाट्याला बळ येत नाही आणि ज्याला पकड नाही ते मात्र हवे तितके फिरते. यात बिघाड काहीच नसतो. मागच्या आसाच्या मधोमध जी ओतीव लोखंडाची फुगीर पेटी दिसते, तिच्यातल्या डिफरन्शिअल नावाच्या यंत्रणेचा तो स्वभावच आहे. या पेटीत गाडीच्या आकारमानानुसार साधारण दीड ते तीन लिटर जाड, उग्र वासाचे तेल असते. इंजिनाचे तेल बदलण्याचा हिशोब बहुतेक गाडीमालक काटेकोरपणे ठेवतात. मागच्या आसातल्या तेलाची आठवण मात्र बहुधा आवाज येऊ लागल्यावर होते, आणि तोवर तेल बदलून भागण्याची वेळ टळून गेलेली असते. हे तेल का बदलावे लागते आणि ते बदलताना कामाचा क्रम इतका महत्त्वाचा का मानतात, हे कळण्यासाठी आधी त्या पेटीत काय चालते ते पाहावे लागते.

दोन चाके, दोन वेगळी अंतरे

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते. मागच्या दोन चाकांमधले अंतर १.४ मीटर धरले, तर एका पूर्ण फेऱ्यात बाहेरचे चाक सुमारे ८.८ मीटर अधिक चालते. आणि गंमत अशी की फेरा लहान घ्या की मोठा, हा फरक तेवढाच राहतो, कारण तो केवळ चाकांमधल्या अंतरावर अवलंबून असतो. साध्या काटकोनी वळणावरही हा फरक २.२ मीटरचा होतो. बैलगाडीला याची अडचण येत नाही, कारण तिची चाके आसावर मोकळी फिरतात आणि ओढण्याचे काम बैल करतात. पिकअपमध्ये मात्र आसानेच चाकांना फिरवायचे असते. दोन्ही चाके एकाच सलग दांड्याला पक्की जोडली, तर प्रत्येक वळणावर एक चाक रस्त्यावर घासत जाईल, टायर झिजतील आणि भार वाढला की दांडाही पिळवटून निघेल.

यावरचा उपाय मोटारीपेक्षा बराच जुना आहे. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञाने १८२७-२८ च्या सुमारास वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी अशा यंत्रणेचे पेटंट घेतले होते, आणि पुढे १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली यांनी तीच कल्पना तीनचाकी सायकलीत आणली. आजच्या रचनेत आस मधोमध तुटलेला असतो. त्याच्या दोन अर्ध्या दांड्यांच्या आतल्या टोकांना एकेक दातेरी चाक बसवलेले असते, आणि या दोन दातेरी चाकांच्या मध्ये, दोघांत एकाच वेळी दाते अडकवून, छोटी दातेरी चाके एका आडव्या खिळीवर बसवलेली असतात. गॅरेजमध्ये त्यांना स्टार गिअर किंवा स्पायडर गिअर म्हणतात. इंजिनाकडून येणारी गती थेट दांड्यांना न मिळता ती खिळी धरून ठेवणाऱ्या सांगाड्याला मिळते. गाडी सरळ चालते तेव्हा छोटी चाके स्वतःभोवती अजिबात फिरत नाहीत. ती दोन्ही बाजूंना सारखेच ढकलतात आणि सगळा जुडगा एकसंध फिरतो. गाडी वळली की ती खिळीवर थोडी गिरकी घेतात, त्यामुळे एका बाजूची गती जितकी कमी होते तितकीच दुसऱ्या बाजूची वाढते. सांगाडा मिनिटाला १०० फेरे घेत असेल, तर चाके १०० आणि १००, किंवा ९५ आणि १०५ असे फेरे घेऊ शकतात. दोन्हींची सरासरी मात्र १०० च राहते.

चिखलातले कोडे येथेच सुटते. सरासरी १०० राखण्याची अट शून्य आणि २०० या जोडीनेही पुरी होते, आणि साध्या डिफरन्शिअलमध्ये दोन्ही बाजूंना मिळणारे बळ नेहमी सारखेच असते. घसरत्या चाकाला फिरण्यासाठी फारच थोडे बळ लागते, म्हणून पकड असलेल्या चाकालाही तेवढेच थोडे मिळते, आणि तेवढ्याने भरलेली गाडी हलत नाही. अशा वेळी चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरतो, तेव्हा एरवी वळणापुरतेच सावकाश फिरणारे स्टार गिअर खिळीवर प्रचंड वेगाने फिरू लागतात. त्यांच्या आणि खिळीच्या मधल्या चिंचोळ्या फटीत तेल जेमतेम पोहोचते, धातू तापतो आणि कधी कधी गिअर खिळीवर जखडून जातो. रुतलेली गाडी इंजिनाच्या जोरावर काढण्याचा हट्ट धरण्यापेक्षा चाकाखाली दगड किंवा पोते टाकणे स्वस्त पडते, ते या कारणाने.

लाटणे आणि वरवंटा

डिफरन्शिअलच्या पेटीत आणखी एक काम चालते आणि तेलाची खरी कसोटी तिथे लागते. इंजिनाकडून मागे येणारा लांब दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतो, तर चाकांचा आस त्याला काटकोनात असतो. दिशेचा हा बदल क्राऊन-पिनियनची जोडी करते: पिनियन हे दांड्याच्या टोकाचे लहान दातेरी चाक, आणि क्राऊन ही स्टार गिअरच्या सांगाड्याला बोल्टने आवळलेली मोठी दातेरी कडी. पिनियनला १० आणि क्राऊनला ४१ दाते असतील, तर दांड्याचे ४.१ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो, आणि वेग जितका उतरतो तितके बळ वाढते. दात्यांचे आकडे मुद्दाम असे बेजोड ठेवतात, म्हणजे पिनियनचा एकच दाता क्राऊनच्या ठरावीक दात्यांवर पुन्हा पुन्हा न येता सर्वांशी आळीपाळीने भिडतो आणि झीज सारखी पसरते.

पूर्वी पिनियनचा मध्य क्राऊनच्या मध्याच्या रेषेतच असे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीच्या मोटारींत पिनियन त्या रेषेच्या खाली सरकवलेली रचना आली. हिला हायपॉइड रचना म्हणतात. तिच्यामुळे लांब दांडा खाली उतरला आणि गाडीची बैठकही खाली आणता आली. शिवाय एकाच वेळी जास्त दाते एकमेकांत गुंतू लागल्यामुळे जोडी अधिक मजबूत आणि कमी आवाजाची झाली. या लाभांची किंमत तेलाने मोजली. साध्या दातेरी चाकांचे दाते एकमेकांवरून मुख्यतः पोळीवरच्या लाटण्यासारखे लोळत जातात, तर हायपॉइड जोडीचे दाते पाट्यावरच्या वरवंट्यासारखे दाबून सरकतात. दात्यांची टेक अगदी अरुंद असल्यामुळे तिथला दाब हवेच्या दाबाच्या हजारो पट होतो, आणि त्यातच हे सरकणे चालू असते, म्हणून साध्या तेलाचा थर मधून पुसला जातो आणि लोखंड लोखंडाला भिडते.

तेलाने इथे केवळ बुळबुळीत असून भागत नाही, त्याला रासायनिक काम करावे लागते. त्यासाठी त्यात गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे मिसळलेली असतात. एरवी ती निष्क्रिय असतात; पण दात्यांच्या टेकेवर उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली, की ती तिथल्याच लोखंडाशी संयोग पावतात आणि पृष्ठभागावर अतिशय पातळ, लोखंडापेक्षा मऊ असा थर तयार होतो. पुढच्या घासणीत झिजतो तो हा थर. दाता वाचतो आणि थर पुन्हा बनतो. तेलाच्या उग्र, सडक्या अंड्याची आठवण करून देणाऱ्या वासाचे मूळ या गंधकातच आहे. पूर्वी याच कामासाठी स्पर्म जातीच्या देवमाशाच्या तेलावर गंधकाची प्रक्रिया करून ते वापरीत. १९७० च्या सुमारास अमेरिकेने त्या तेलाच्या आयातीवर बंदी घातल्यावर रसायनशाळांना पर्याय शोधावे लागले. मात्र थर बनण्याच्या प्रत्येक खेपेला संयुगाचा थोडा अंश खर्ची पडतो. म्हणजेच हे तेल वापराने नुसते मळत नाही, ते संपतही जाते, आणि वरून पाहून ते किती संपले हे ओळखता येत नाही.

डब्यावरचे आकडे

तेलाच्या डब्यावर दोन प्रकारच्या खुणा असतात. ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० यांसारखे आकडे दाटपणा सांगतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वर्तनाचा आणि नंतरचा १०० अंश सेल्सिअसला किती दाटपणा टिकतो त्याचा. गॅरेजमधले ‘नव्वद नंबर’ ते हेच. हा आकडा इंजिन तेलाच्या २०डब्ल्यू-४० सारख्या आकड्याशी ताडून पाहणे चुकीचे आहे, कारण दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत आणि ९० आकड्याचे गिअर तेल प्रत्यक्षात ४० ते ५० आकड्याच्या इंजिन तेलाइतकेच दाट असते.

दुसरी खूण जीएल-४, जीएल-५ अशी असते आणि ती वर सांगितलेल्या गंधक-फॉस्फरसच्या बळाची वर्गवारी दाखवते. हायपॉइड जोडीला जीएल-५ लागते. त्यात ही संयुगे जीएल-४ च्या सुमारे दुप्पट असतात. एकाच डब्यातले तेल गिअरबॉक्समध्ये आणि डिफरन्शिअलमध्येही ओतण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते, पण ती धोक्याची आहे. गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर बदलताना दोन चाकांचे वेग जुळवून घेणाऱ्या कड्या, बऱ्याच गाड्यांत पितळी असतात. जोरकस गंधकाचे तेल त्या पितळेला खाऊ शकते. उलट जीएल-४ डिफरन्शिअलमध्ये गेले, तर दात्यांना पुरेसे संरक्षण मिळत नाही. ज्या गाड्यांत घसरत्या चाकाला आवर घालणाऱ्या घर्षण-चकत्यांचे, म्हणजे लिमिटेड स्लिप प्रकारचे डिफरन्शिअल असते, त्यांना आणखी एक वेगळे मिश्रण लागते. ते नसेल तर वळणावर चकत्या अडखळतात आणि गाडी मागून थरथरते.

गाळणी नसलेली पेटी

इंजिनात तेल फिरवणारा पंप असतो, गाळणी असते, आणि दाब उतरला तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. डिफरन्शिअलमध्ये यांपैकी काहीच नसते. क्राऊनचा खालचा भाग तेलात बुडालेला असतो आणि फिरताना तोच तेल वर उडवून दात्यांना व बेअरिंगना भिजवतो. दात्यांची झीज होऊन सुटलेला लोखंडाचा कण त्यामुळे कुठेही अडत नाही; तो त्याच तेलातून पुन्हा पुन्हा दात्यांमध्ये जातो, नवी झीज घडवतो आणि तेलाचे ऑक्सिडीकरणही वाढवतो. नव्या गाडीचे दाते एकमेकांशी जुळून येत असताना ही चूर सर्वाधिक निघते, म्हणून पहिला बदल पुढच्या बदलांपेक्षा लवकर करण्यास अर्थ आहे. पुढचे बदल गाडीसोबतच्या पुस्तिकेनुसार करावेत. साध्या वापरासाठी तो आकडा सामान्यतः ४० ते ८० हजार किलोमीटरच्या दरम्यान असतो, आणि जादा भार, घाटरस्ते किंवा ओढगाडी असेल तर बराच कमी धरतात. महाराष्ट्रातली माल वाहणारी बोलेरो किंवा योद्धा पिकअप ही ‘साध्या वापरा’च्या व्याख्येत क्वचितच बसते. काही उत्पादक हे तेल आयुष्यभर टिकणारे असल्याचे सांगतात, पण आयुष्य कोणाचे, हा प्रश्न मोकळाच राहतो. हमीच्या मुदतीपुरते ते खरे ठरत असेल, गाडी चार लाख किलोमीटर चालवणाऱ्याच्या ते उपयोगाचे नाही.

तेलाचा दुसरा शत्रू पाणी. पेटी पूर्ण बंद असती, तर ३० अंशांवरची आतली हवा ९० अंशांपर्यंत तापताना तिचा दाब सुमारे एक पंचमांशाने वाढला असता आणि तेल सिलांमधून बाहेर पडले असते. म्हणून आसावर ब्रीदर नावाची छोटी श्वासनळी बसवतात. ती मातीने बुजली की तेल सिलांवाटे झिरपू लागते, आणि ते झिरपणे आसाच्या टोकाशी झाले तर तेल थेट ब्रेकच्या लायनरवर उतरते. कोकणात किंवा विदर्भात पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या फरशी पुलावरून तापलेली गाडी नेली, की याच्या उलट घडते. आस एकदम थंड होतो, आतली हवा आकुंचन पावते, आणि ब्रीदर बुजलेला किंवा पाण्याखाली असेल तर बाहेरचे पाणी आत ओढले जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. तेल मात्र आत दुधाळ होते, दात्यांवरचा थर नीट बनत नाही आणि उभ्या गाडीत बेअरिंग गंजतात. आसापर्यंत पाण्यातून गेलेल्या गाडीचे तेल पुस्तिकेतल्या किलोमीटरची वाट न पाहता तपासावे, ते यासाठी.

चौकट : निघालेले तेल काय सांगते

> निचऱ्याच्या बुचावर बहुधा चुंबक असतो. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असणे ही नेहमीची झीज समजावी. बोटाला टोचणारे कण, पापुद्रे किंवा दात्याचा तुकडा सापडला, तर तेल बदलून प्रश्न मिटत नाही. पेटी उघडून पाहावी लागते. दुधाळ किंवा चहासारखे तेल म्हणजे पाणी शिरले आहे, आणि ते कुठून शिरले हे शोधल्याशिवाय नवे तेल भरणे व्यर्थ. काळे आणि करपल्या वासाचे तेल अतिभार किंवा कमी पातळी सुचवते. अपेक्षेपेक्षा तेल फारच कमी निघाले, तर आधी सील आणि ब्रीदर तपासावेत.

बदलण्याची रीत आणि तिच्यामागची कारणे

थंड गिअर तेल मधासारखे सावकाश वाहते आणि जड कण तळाशी बसलेले असतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणणे बरे. तेल पातळ होते आणि गाळ त्यात मिसळून बाहेर येतो. त्यानंतर गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. पिकअप उंच असल्यामुळे बहुधा जॅक न लावताही खाली सरकता येते. गाडी उचलावीच लागली, तर ती घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, टेकवल्याशिवाय कुणीही खाली जाऊ नये, आणि पातळी पाहताना ती पुन्हा समतल असावी. फक्त मागची बाजू उचललेली असेल, तर गाडी पुढे कलते, मागच्या अंगाला असलेले भरण्याचे भोक पेटीच्या मानाने वर जाते आणि गरजेपेक्षा जास्त तेल आत मावते.

यापुढचा क्रम या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पेटीला दोन बुचे असतात, तळाशी निचऱ्याचे आणि मध्यापाशी भरण्याचे, आणि यांपैकी भरण्याचे बूच आधी उघडावे. वर्षानुवर्षे न उघडलेले हे बूच गंजाने धरलेले असते, त्याची चौकोनी किंवा षट्कोनी खाच झिजलेली असते, आणि कधी कधी ते उघडतच नाही. निचरा आधी केला आणि मग हे लक्षात आले, तर गाडी तेलाविना जागेवर अडकते. बूच आधी उघडून पाहिले असेल, तर फार झाले तर काम पुढच्या दिवसावर जाते, गाडी चालत राहते. बुचाभोवतीची माती तारेच्या ब्रशने आधीच साफ करावी, नाहीतर ती थेट दात्यांत पडते. घट्ट बुचावर गंज सोडवणारे तेल मारून काही वेळ थांबावे आणि खाचेत नेमका बसणारा पानाच वापरावा. जवळपासच्या मापाने काम भागवण्याच्या नादात खाच गोल होते आणि मग बूच वेल्डिंग करून काढण्याची पाळी येते.

वरचे बूच उघडल्यावर हवा आत जाऊ शकते, त्यामुळे खालचे उघडताच तेल अडखळत न येता सलग धारेने बाहेर येते. ते थेंबांवर येईपर्यंत निवांत वाहू द्यावे. चुंबक पुसून, बुचाखालचा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वायसर नवा घालून ते बसवावे; जुना वायसर एकदा दाबला गेलेला असतो आणि पुन्हा तितका बसत नाही. अमेरिकेतल्या अनेक पिकअपमध्ये निचऱ्याचे बूच नसते. तिथे आसाच्या मागचे झाकणच काढावे लागते, तेही वरचे एक-दोन बोल्ट सैल करून पण जागेवर ठेवून, म्हणजे झाकण खालून फाकते आणि तेल अंगावर न येता भांड्यात पडते. मग दोन्ही कडा खरवडून सिलिकॉनचा नवा थर लावावा लागतो आणि तो सुकेपर्यंत तेल भरता येत नाही. काम वाढते खरे, पण तळाचा गाळ पुसता येतो आणि दाते डोळ्यांनी पाहता येतात; बुचाच्या सोयीत हे दोन्ही मिळत नाही.

नवे तेल भरण्याचे भोक आडवे असल्यामुळे ते ओतता येत नाही, हातपंपाने किंवा लांब नळीच्या पिचकारीने सारावे लागते. तेल भोकाच्या खालच्या कडेशी येऊन बाहेर झिरपू लागले की पातळी पूर्ण झाली. वेगळी मापकाठी नसते, ते भोक हीच खूण. थोडे जास्त असलेले बरे, हा समज इथे लागू पडत नाही. जादा तेल क्राऊनच्या घुसळणीने फेसाळते, फेसातल्या हवेला वंगणाचे काम जमत नाही आणि वाढलेला दाब सिलांवर येतो. बूच आवळण्याचे बळ पुस्तिकेत दिलेले असते, आणि ओतीव पेटीचे आटे फाटले तर दुरुस्ती महाग जाते, म्हणून लांब नळी लावून पाना ताणू नये. ब्रीदरमधून हवा मोकळी जाते का, हे त्याच वेळी पाहून घ्यावे. दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर बुचांखाली आणि मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का, तेही पाहावे.

उरलेल्या जुन्या तेलाचा प्रश्न गॅरेजमध्ये बहुधा सोयीने सुटतो: कुणी ते वाळवीसाठी लाकडाला फासतो, कुणी गटारात ओततो. भारतात २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जावे लागते. एका गाडीचे तेल दोन-तीन लिटरच असते. ते झाकणाच्या डब्यात भरून, पाणी किंवा ब्रेक ऑइल न मिसळता, जुने तेल गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरवर पोहोचवता येते. मिसळलेले तेल ते बहुधा घेत नाहीत.